बनाबाईच्या लेकीचा पास क्लास

बनाबाईच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. द्राक्षबागेत विरळणी चालू असली आणि दिवस कलला तरी मुकादम सुट्टी द्यायला तयार नसला, की बाकीच्या बाया एकमेकींकडं बघत बसायच्या आणि बनाबाई कमरेला पदर खोचून विचारायची, "का वो मुकादम, सूर्व्या तुमी दाव्याला बांधलाय व्हय?" मुकादम ओशाळून हसायचा आणि बाया घरच्या वाटेला लागायच्या. कुंडलजवळच्या त्या बौद्ध वस्तीत तिचा असा दरारा. नवरा आप्पासाहेब. नाव एवढं भारदस्त, पण माणूस मुलखाचा मुका. थोडी जमीन, एक म्हैस आणि विशाखा ही एकुलती एक लेक, एवढा त्यांचा संसार. घरातलं बोलायचं काम सगळं बनाबाईच्या वाट्याला आलेलं, आणि तिनं त्यात कधी अंगचोरपणा केला नाही.

अशी ही बाई एका प्रश्नाला मात्र भ्यायची.

विशाखा सांगलीच्या कॉलेजातनं बी.एस्सी. झाली होती. वस्तीतली पहिली पदवीधर पोरगी. लोक कौतुकानं विचारायचे, "क्लास कंचा मिळाला गं पोरीला?" आणि बनाबाईला नेमकी त्याच वेळी म्हशीची वैरण आठवायची. "आलेच," म्हणून ती जी उठायची ती विचारणारा कंटाळून जाईपर्यंत गोठ्यातनं बाहेर यायची नाही. म्हैससुद्धा एवढी वैरण बघून चक्रावत असेल.

कारण क्लास मिळाला होता पास क्लास. शेचाळीस टक्के.

पहिल्या दोन वर्षांत पोरीनं फर्स्ट क्लास सोडला नव्हता. विहारात तिचा सत्कार झाला होता, गुलाबाचं फूल आणि पेन देऊन. तेव्हा पुढच्या ओळीत बसलेल्या बनाबाईनं एवढ्या जोरानं टाळ्या वाजवल्या होत्या की शेजारणीनं तिचा हात धरला. आणि मग शेवटच्या वर्षाला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येताना बनाबाईचा पाय बांधावरनं घसरला. गुडघ्याखाली हाड मोडलं. उन्हाळा लागेपर्यंत ती प्लास्टरात पडून होती. शेण, धार, चूल, आईचं न्हाणं-धुणं सगळं विशाखावर पडलं. ते उरकून पोरगी एस्टी धरायची, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चुलीपुढं बसायची. निकाल लागला आणि बनाबाईच्या मनानं तिथल्या तिथं निवाडा करून टाकला: माझ्या पायानं पोरीचा क्लास खाल्ला.

तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. विशाखा तर याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, आणि बनाबाईला तेच जास्त लागत होतं. पोरगी भांडली असती, आदळआपट केली असती, तर बनाबाईनंही चार शब्द ऐकवले असते आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण विशाखा मुकाट्यानं नोकरीचे अर्ज लिहीत बसायची. हा एक गुण तिनं बापाचा उचलला होता.

वर्षभर अर्ज गेले. मिरजेच्या एका औषधाच्या कंपनीत खिडकीवरच्या कारकुनानं मार्कलिस्ट नुसती चाळली आणि म्हणाला, "ताई, फर्स्ट क्लासच्या खालचं आत पाठवायचंच नाही असं सांगितलंय." एका शाळेत प्रयोगशाळेच्या जागेसाठी गेली, तिथंही तेच. वस्तीत चावडी भरायची ती आता याच विषयावर. कुणी म्हणायचं, मार्काला काय करायचंय, वशिला लागतो. कुणी म्हणायचं, मार्क नसले तर वशिलेवाला तरी काय करील, तोंड दाखवायला जागा तर पाहिजे. आप्पासाहेब एकदाच बोलला. "मार्क म्हंजे मार्क," म्हणाला आणि धार काढायला गेला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

आणि मग पंच्याण्णव सालच्या मार्गशीर्षात सांगलीच्या एका मोठ्या डेअरीतनं मुलाखतीचं बोलावणं आलं.

बनाबाईला वाटलं, आता घरात सण करावा. पण तिला आतनं धाकधूकही लागली. तिथं मार्क विचारणार. पोरगी खाली मान घालून उभी राहणार. आणि मग पुन्हा तेच, तीच खिडकी आणि तोच कारकून. त्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं ठरवलं की आपण बरोबर जायचं. सायबाच्या समोर उभं राहायचं आणि सांगायचं, बाबा, पोरीचा काही दोष न्हाई, पाय माझा मोडलाय, काय म्हणायचं ते मला म्हण. हे तिनं कुणाला सांगितलं मात्र नाही.

तेवढ्यात मलकापुरास्नं दादासो आला.

आता दादासो म्हणजे काय चीज, हे सांगायलाच पाहिजे. आप्पासाहेबाचा धाकटा भाऊ, पलटणीतनं हवालदार होऊन रिटायर झालेला. कऱ्हाडजवळ मलकापुरात घर बांधून राहिलेला. थोरल्या भावाच्या वाटणीचं बोलणंही देवानं चुकून यालाच दिलं होतं. कऱ्हाडपासून पलूसपर्यंत पाहुण्यारावळ्यांत जेवढ्या सोयरिकी जमल्या, त्यातल्या निम्म्यांच्या बैठकीत दादासो मधोमध बसलेला. त्यानं बोलणी केली आणि सोयरीक मोडली असं कधी झालं नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

"वैनी, इंटरवू म्हंजे दुसरं काय असतंय?" चहाची बशी तोंडाला लावत तो म्हणाला. "सोयरीकच की. त्येनी बगायचं, आपुन दाखवायचं. पोरगी एकटी पाठवली तर त्येनला वाटंल, हिच्या मागं कोन मानूसच न्हाई."

"काका, तिथं सगळे एकेकटेच येतात," विशाखा म्हणाली.

"येऊ द्यात. त्येंच्यात वळन नसंल." दादासोनं बशी खाली ठेवली. "हे बग विशे, तितं तू मान खाली घालून बसायचं. बोलनं मी करनार. आपल्यात पोरगी बोलाय लागली की पाव्हणं उठून जात्यात. आन् मार्काचं कुनी काडलं, तर तू तोंड उघडायचं न्हाई. मी बगतो."

विशाखानं आईकडं बघितलं. आई आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं असणार. पण बनाबाईला तर बरोबर जायला निमित्तच पाहिजे होतं. ती म्हणाली, "भावजी म्हनत्यात ते बराबर हाय. मी बी येती."

झालं. विशाखानं कपाळाला हात लावला आणि इस्त्रीला तांब्यात निखारे भरायला घेतले.

मुलाखतीच्या दिवशी तिघं सांगलीला उतरली, तेव्हा दादासोच्या अंगात कोट होता आणि बनाबाईच्या अंगावर लग्नाकार्याची जरीकाठी साडी. विशाखाला आकाशी साडी नेसवली होती आणि पदर दोन्ही खांद्यांवरनं घ्यायला लावला होता. डेअरीच्या फाटकातनं आत गेल्यावर दादासोनं पहिलं काम काय केलं असेल, तर रखवालदाराला बाजूला घेऊन मॅनेजरची चौकशी केली. मानूस कसा हाय, कुनाचा हाय, पितो का, कामगारांना शिव्या देतो का. मग पाण्याचा नळ उघडून बघितला. चिमणीकडं बघून मान डोलावली. "घर भरलेलं हाय," म्हणाला. "पोरगी सुखात ऱ्हाईल." विशाखा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

व्हरांड्यात बाकावर तीन-चार पोरं बसली होती, हातात फायली घेऊन, एकेकटी. त्यांनी या वऱ्हाडाकडं बघितलं आणि एकमेकांत खुसफुसली. दादासो बनाबाईच्या कानाशी लागला, "बगा वैनी, बिचाऱ्यांच्या मागं कोन न्हाई."

विशाखाचं नाव पुकारलं तेव्हा शिपायानं दारात हात आडवा केला. "उमेदवारानंच आत जायचं."

"परक्या मानसाच्या खोलीत पोरगी एकटी कशी सोडायची? तुमच्या घरात सोडत्यात व्हय?" दादासोचा आवाज परेड ग्राउंडाला पुरेल असा होता. शिपाई काही बोलायच्या आत आतनंच आवाज आला, "येऊ द्या रे सगळ्यांना."

मॅनेजरचं नाव मानसिंगराव. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, डोळ्यांखाली जागरण साचलेला माणूस. खुर्च्या दोनच होत्या. एकीवर दादासो बसला, दुसरी त्यानं वैनीला दिली, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती उभीच राहिली. मानसिंगरावांनी हे बघितलं. मिशीत हसले आणि शिपायाकडनं स्टूल मागवलं.

"उमेदवार कोण यातलं?"

"जयहिंद सायेब," दादासो म्हणाला. "ही आमची पोरगी. मी हिचा चुलता, रिटायर हवालदार. ही हिची आई. बाप लय शांत सोबावाचा, घरी ऱ्हायलाय. घरानं निर्मळ हाय सायेब. सुपारीच्या खांडाचं यसन न्हाई घरात कुनाला. आपलं मूळ गाव कंचं म्हनायचं?"

"विट्याकडचं."

"तरीच! विट्याची मानसं शब्दाला पक्की. आमच्या पलटनीत एक होता बगा विट्याचा..."

"हवालदारसाहेब," मानसिंगराव म्हणाले, "मला हिला सून करून न्यायची नाही. कामाला माणूस पाहिजे. तिला दोन शब्द बोलू द्याल का?"

दादासो जरा चपापला. पण बैठकीत मुलाकडचे असं बोलतातच, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. विशाखानं दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली. आवाज बारीक येत होता, पण उत्तरं येत होती. बनाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. ती नुसती सायबाच्या हातातल्या कागदाकडं बघत होती, कारण आता काय विचारणार ते तिला माहीत होतं.

आणि तेच आलं.

"पहिली दोन वर्षं फर्स्ट क्लास," मानसिंगराव म्हणाले, "आणि शेवटच्याला एकदम पास क्लास. हे काय झालं?"

"त्येचं काय हाय सायेब," दादासो पुढं सरकला, "पोरगी फस्क्लासच हाय. पर पेपर तपासनाराच्या हातनं जरा..."

विशाखाचे कान लालबुंद झाले. बनाबाईनं दिराकडं असं बघितलं की कोटातला हवालदार अर्ध्या वाक्यात थांबला.

"सायेब, त्येंचं सोडा," ती उभी राहून म्हणाली. "चूक माजी हाय. त्या वरसाला माजा पाय मोडला. मी पडून, आन् ह्या पोरीनं समदं केलं. म्हशीची धार, शेन, सैपाक. मला उचलून न्हाऊ घातलं. पोरीला अब्यास कवा करू दिला मी? तुमी त्ये मार्क हिचं धरू नका. माजं धरा."

वर्षभर मनात साचलेलं एका दमात बाहेर पडलं. बनाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. मानसिंगरावांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण ढिला पडलेला तिला स्पष्ट दिसला. बाजारात वीस वर्षं माळवं-भाजी विकलेली बाई होती ती. समोरच्याचं मन कधी वळतं ते तिला कळायचं. दादासोलाही कळलं. "व्हय सायेब," त्यानं लगेच सूर धरला, "आवं, लय केलं पोरीनं आईचं."

काम झालंच होतं. आणि नेमकी तेव्हाच विशाखा बोलली.

"आई, थांब."

तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ सायबाकडं बघितलं.

"सर, आईचा पाय मोडला होता हे खरं. घरचं काम मी केलं हेही खरं. पण मार्क त्यानं गेले नाहीत. मला अभ्यासाला वेळ मिळत होता. शेवटच्या वर्षाची फिजिकल केमिस्ट्री मला सुरवातीपासनंच कळली नाही. बाकीच्या सगळ्यांना कळतंय असं वाटायचं, म्हणून विचारायची लाज वाटली. आमच्या सरांनी स्वतः मला विचारलं होतं, अडतंय का कुठं? मी नाही म्हणाले. मग पाठ करून गेले, आणि पेपरात प्रश्न फिरवून आले."

दादासोनं हळूच डोळे मिटून घेतले. इतक्या बैठकी केल्या, पण पोरीनंच आपलं उणं उघड करून मांडलंय, असं त्याच्या हयातीत घडलं नव्हतं.

बनाबाईला आधी राग आला. खोटं कशाला सांगायचं, सणसणून राग आला. परक्या माणसादेखत पोरीनं आईला गप केलं. ओंजळीत पडलेली नोकरी पोरीनं जमिनीवर ओतली. हिला एवढं शिकवलं ते याच्यासाठी काय? पण सायबापुढं तिला बोलता येईना, म्हणून ती खाली बसली.

"तुझी आई सांगत होती तेच चाललं असतं की," मानसिंगराव म्हणाले. "ऐकून कुणालाही कणव आली असती."

"आली असती सर. पण उद्या इथं माझ्या हातनं काही चुकलं, तर तेव्हा कुणाचा पाय मोडला म्हणून सांगू?"

मानसिंगराव खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, "तू खरं बोललीस, तर मीही खरंच बोलतो. लॅबमध्ये एक जागा होती. साठ टक्क्यांच्या खालचे अर्ज मी त्या जागेसाठी वाचलेसुद्धा नाहीत. तुझाही नाही. मार्कांना काही किंमत नाही असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. एक फर्स्ट क्लासचा मुलगा घेतला, हुशार आहे."

"मग मला कशाला बोलावलं, सर?"

"डॉकवरच्या जागेला. गावोगावची दुधाची गाडी पहाटे येऊन लागते ना, तिथं. दूध तपासायचं, चांगलं असेल ते उतरून घ्यायचं, नसेल ते परत पाठवायचं. तिथं कुणी टिकत नाही. ड्रायव्हर ओरडतात, दूध संस्थांचे चेअरमन फोन करतात. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या मुलाला एका गाडीच्या दुधाची शंका आली होती. पण विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, म्हणून बिचारा गप्प बसला. ते दूध टाकीत गेलं आणि सगळी टाकी नासली." ते पुढं वाकले. "तुला इथं काही कळलं नाही तर काय करशील?"

"विचारीन."

"लाज वाटली तर?"

"एकदा लाजून वर्ष घालवलंय सर," विशाखा म्हणाली. "परत परवडायचं नाही मला."

मानसिंगराव मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी शिपायाला चार चहा सांगितले. "सोमवारपासनं ये," म्हणाले. "तीन महिने बघू. जमलं तर कायम करू, नाही जमलं तर तेही तोंडावर सांगू."

एवढं झालं आणि दादासोला कंठ फुटला. "पर सायेब, पोरगी बीएस्सी हाय. तिला डब्यापाशी हुबी करनार? पहाटेचं? लॅबमदी कुटं कोपऱ्यात..."

"भावजी," बनाबाई म्हणाली, "आता गप बसा."

तिचा राग कुठल्या कुठं गेला होता. सायबाचं बोलणं तिच्या डोक्यात आत्ता कुठं उतरत होतं. गावोगावची गाडी येणार, आणि कुणाचं दूध घ्यायचं, कुणाचं परत पाठवायचं, हे विशाखा ठरवणार. बनाबाईला तिची आजी आठवली. त्या म्हातारीच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, मग दूध तर लांबच. दारात शेळी होती, पण धार निघायची ती घरच्यांपुरतीच, वस्तीबाहेर कुणी घेतलं नसतं. बनाबाईच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं, आता खाली बघून चालायचं नाही. त्याच बापाची नात आता दुधाच्या गाडीपुढं उभी राहणार होती आणि म्हणणार होती, हे घ्या, हे न्हाई. बनाबाईचा ऊर असा भरून आला की तिला समोरचा चहा घेवेना.

"सायेब," ती म्हणाली, "जरा बगून ऱ्हावा पोरीवर. चुकली तर बोला. पर तिनं एकदा न्हाई म्हनलं की ते दूध घेऊ नका."

"नाही घेणार," मानसिंगराव म्हणाले.

सांगलीच्या स्टँडवर दादासो घुम्यासारखा उभा होता. कोटाचं बटण लावायचा आणि काढायचा. शेवटी कऱ्हाडची गाडी लागली तेव्हा तो विशाखापाशी आला. "विशे," म्हणाला, "सायबाला तोंडावर असं सांगायचं धाडस माज्याच्यानं नसतं झालं. मी पलटनीत असून." आणि गाडीत चढला. खिडकीशी बसल्यावर शेजारच्या माणसाला तो काय सांगत होता ते ऐकू आलं नाही, पण बोट विशाखाकडं होतं आणि मान ताठ होती. शेजारचा माणूस पार वाकून बाहेर बघत होता.

कुंडलकडची गाडी मिळाली. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. तासगावचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव मागं पडू लागले, तरी बनाबाई गप्पच. मांडवात काम करणाऱ्या बायांना बघून एरवी तिनं खिडकीतनं एखादी हाक मारली असती. विशाखाला ते जाणवलं.

"रागावलीस का गं आई? तुला गप केलं म्हणून?"

"न्हाई."

"मग?"

बनाबाई तिच्याकडं वळली. असं अडखळत बोलायची तिला सवय नव्हती.

"खरं सांग. त्ये सायबाला सांगितलंस, कळलं न्हाई, इच्यारायची लाज वाटली. त्ये मला वाईट वाटू नये म्हनूनच सांगितलंस न्हवं? पाय मोडला म्हनूनच गेलं ना तुजं मार्क?"

"नाही आई."

"माज्या गळ्याची आन हाय."

विशाखा हसली. मग आईचा खरबरीत हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"अगं, मला खोटं बोलायचं असतं तर तुझ्या पायाचंच बोलले असते की. सायब तर पाघळलाच होता. ते किती सोपं होतं. वर्षभर मी तुला काही बोलले नाही. तू मनात स्वतःला बोल लावून घेतेस ते मला दिसत होतं. आणि खरं सांगायची मला लाज वाटत होती. तुझी चूक नव्हती गं. मी तुला त्याच समजात राहू दिलं."

बनाबाईच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. ते तिनं पुसलं नाही, लपवलंही नाही. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं वो, कोन वारलं काय?"

"न्हाई वो," बनाबाई म्हणाली. "माज्या लेकीला नोकरी लागली."